शेततळ्याच्या अलीकडून

पोरी,

परवा फोनवर तू सगळं सांगत होतीस आणि मी नुसता ‘हं, हं’ करत होतो. फोनवर मला काही सुचत नाही. म्हणून हे पत्र, तेही चार दिवस उशिरा, कारण मध्येच भुईमूग काढायला आला.

पुण्यात गोल्फ खेळताना पहिल्याच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, तुझा चेंडू उजवीकडं हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांबाहेर गेला, दुसराही तिकडंच गेला आणि पहिल्या होलवर नऊ फटके लागले. नऊचं मला काही वाटत नाही. पण तू म्हणालीस, ‘मेजर, हात माझे नव्हतेच,’ ते डोक्यातून जात नाही. (मी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. पण साताऱ्यात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्याला माझा इलाज नाही.)

ते हात मला ओळखीचे आहेत. पलटणीच्या गोल्फ कोर्सवर माझी ड्यूटी लागली ती गवत कापायला. खेळ शिकलो तो एका साहेबांनी टाकून दिलेल्या सात नंबरच्या आयर्नवर, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठीवर. पुढं धीर करून एका स्पर्धेत नाव घातलं. टीच्या मागं खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब लोक, हातात चहा. मी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, फिरवला, तो चेंडूच्या टाळक्याला चाटून गेला आणि चेंडू बारा पावलं घरंगळत जाऊन बायकांच्या टीपाशी थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज तेवढा आला. तो अजून येतो कधी कधी.

आणि समोर होतं काय? काहीच नाही. ना पाणी, ना बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी पळवाव्यात असा सपाट फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा.

इयन बेकर-फिंच म्हणून एक ऑस्ट्रेलियन खेळाडू. १९९१ ची ओपन चॅम्पियनशिप ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा जिंकलेला, म्हणजे ऐरागैरा नव्हे. १९९५ ला हीच ओपन सेंट अँड्र्यूजला होती. तिथं पहिला आणि अठरावा असे दोन फेअरवे मिळून एकच मैदान झालंय, शंभर यार्डांहून जास्त रुंद. तिथं चेंडू हद्दीबाहेर घालवायचा म्हटलं तरी अवघड. यानं पहिलाच ड्राइव्ह डावीकडं, तो अख्खा पट्टा ओलांडून, हद्दीबाहेर मारला. दोन वर्षांनी रॉयल ट्रूनला पहिल्या फेरीत ९२ फटके लागले आणि त्यानं स्पर्धा सोडली. माझ्यासारख्या गवत कापणाऱ्याचं सोड, ओपन जिंकलेल्या माणसाचंही असं होतं. ही भीती बघणाऱ्यांची, जमिनीचा त्यात काही दोष नसतो.

जमिनीची भीती वेगळी आणि ती मुद्दाम पेरलेली असते. फ्लोरिडात टीपीसी सॉग्रास नावाचा कोर्स आहे. बांधताना सतराव्या होलच्या आसपासची चांगली वाळू उपसून उपसून मोठा खड्डा पडला. बांधणारा पीट डाय. त्याची बायको ॲलिस स्वतः उत्तम खेळाडू. ती म्हणाली, भोवती पाणीच भरू, ग्रीनचं, म्हणजे झेंडा असलेल्या बारीक गवताच्या तुकड्याचं, बेट करू. अंतर १३७ यार्ड. व्यावसायिक पोरांना तिथं नाइन आयर्न नाहीतर वेज, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी, पुरते. तेवढंच ग्रीन माळावर आखून दिलं तर दहातले नऊ चेंडू झोपेत टाकतील. पण तिथंच झालेल्या २००७ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या एका दिवसात ५० चेंडू पाण्यात गेले. त्या दिवशी वारा होता, हे खरं. तरी पन्नास!

आता तुझ्या हातांकडं येतो.

उजवीकडं खुंट्या दिसल्या म्हणून तू डावीकडं तोंड करून उभी राहिलीस. राहिलीस ना? मी तिथं नव्हतो, पण पैजेवर सांगतो. अंग डावीकडं वळलं, डोळे मात्र फेअरवेच्या मधोमध. मग काठी बाहेरून आत, चेंडूला तासल्यासारखी येते. त्यात मूठ आवळलेली, मनगट लाकूड झालेलं, काठीचं तोंड उघडंच राहतं. चेंडू डावीकडं निघतो आणि केळीसारखा उजवीकडं वाकतो, थेट खुंट्यांबाहेर. जेवढी डावीकडं पळशील तेवढा हा उजवीकडचा वाक, म्हणजे स्लाइस, वाढेल. दुसरा चेंडू तिकडंच का गेला, ते आता कळलं असेल. तू आणखी डावीकडं वळली असणार.

यावर उपाय साधा आहे आणि नियमात बसतो. टीवर दोन खुणांच्या मध्ये कुठंही चेंडू लावता येतो आणि मागंही दोन काठ्यांच्या लांबीपर्यंत जाता येतं. बहुतेक पोरं मधोमध लावतात, जणू तिथं पाटच मांडलाय. संकट उजवीकडं असेल तर चेंडू उजव्या खुणेला चिकटून लाव. तिथून नेम आपोआप संकटाच्या उलट्या दिशेला जातो, अंग वाकडं करावं लागत नाही. चेंडू खुणांच्या आत असला की झालं, पाय बाहेर पडले तरी चालतात.

आणि पहिल्या टीवर ड्रायव्हरच काढायचा, हे कुणी सांगितलं? दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंनी झुडपं अंगावर येतात. तिथं भले भले ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. आपली अदिती अशोक लांब मारणाऱ्यांतली नाही, तरी टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. तुझा फाइव्ह आयर्न सरळ जातो. दीडशे यार्ड सरळ गेला तरी तो फेअरवेवरच असतो. लोक काय म्हणतील? म्हणू देत, तोवर तू पुढं चालायला लागलेली असशील.

‘पाण्याकडं बघूच नको’ असं काही कोच सांगतात. मला ते बिलकूल पटत नाही. बघू नको म्हटलं की दुसरं काही दिसतच नाही. चेंडूच्या मागं उभी राहा आणि नीट, पोटभर बघून घे. पाणी कुठं सुरू होतं, कुठं संपतं, त्याच्यावरून जायला किती यार्ड हवेत. तेही हवेतले यार्ड, घरंगळून मिळणारे नव्हेत. मग ठरव, जायचं की वळसा घालायचा. काहीही ठरव, पण चेंडूच्या मागंच ठरव. चेंडूवर उभं राहून विचार बदलणं, त्यात सगळं बिघडतं.

अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत २०१६ ला जॉर्डन स्पीथ नऊ होलनंतर पाच फटक्यांनी पुढं होता. बाराव्यावर, १५५ यार्डांच्या लहानशा होलवर, त्याचे दोन चेंडू ओढ्यात गेले आणि सात लागले. २०१९ ला त्याच होलवर पुढं असलेल्या मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला, आणखी काहींचेही गेले. टायगर वुड्सनं झेंड्याकडं बघितलंही नाही. डावीकडं, बंकरच्या पलीकडं सुरक्षित मारला, तीन घेतले आणि स्पर्धा जिंकला. मला तो फटका त्याच्या सगळ्या लांब ड्राइव्हपेक्षा मोठा वाटतो.

ठरलं की वेळ काढू नकोस. नियमांच्या पुस्तकात एका फटक्याला ४० सेकंदांची शिफारस आहे, तुला वीस पुरतील. आपल्या साताऱ्याच्या तिरंदाज अदिती स्वामीला सामन्यात एका बाणाला २० सेकंदच मिळतात. तेवढ्यातच तिनं २०२३ ला बर्लिनमध्ये १५० पैकी १४९ मारून जगज्जेतेपद घेतलं, तेही सतराव्या वर्षी. पैलवान आखाड्यात उतरला की माती कपाळाला लावतो, अंगावर घेतो, शड्डू ठोकतो. दर वेळी तेच, त्याच क्रमानं. तुझीही अशी एक ठरलेली रीत हवी. लांब श्वास सोड, काठी एकदा हलवून बघ, नेमाची एक बारीक वस्तू धर. झाड नको, झाडाची फांदी धर. मग मार. छाती धडधडेलच. माझी अजून धडधडते, आणि आता मागं खुर्च्याही नसतात.

एक राहिलं. पाणी दिसलं की बॅगेतून जुना, खरवडलेला चेंडू काढणारी माणसं तू बघितली असशील. मीही काढायचो. म्हणजे चेंडू बुडणार हे त्यांनी मारायच्या आधीच ठरवलेलं असतं.

रविवारी सकाळी सात वाजता ये, यवतेश्वरकडून वारा सुटायच्या आत. शेजारच्या दादांना विचारून ठेवलंय. त्यांच्या शेततळ्याच्या अलीकडून, बांधावरून मारायचं, पलीकडं नांगरलेलं रान आहे. बुडालेले चेंडू आपण आंब्याच्या झेल्यानं काढतो. मागच्या मे महिन्यात तळं आटलं तेव्हा एकतीस निघाले, त्यातले एकोणीस माझे होते.

येताना नवेकोरे चेंडू आण. जुने आणलेस तर फाटकातूनच परत पाठवीन.

तुझा,
मेजर