तुरीची मुळं न उपटता बघायची असतील तर

तुमचा प्रश्न असा: कुंडीतल्या तुरीची मुळं दर आठवड्याला कशी वाढतात ते रोप न उपटता बघायचंय, माती काळी आहे, ओळखीच्या दवाखान्यातल्या सीटी स्कॅनवर भागेल का?

नाही भागणार. ते यंत्र माणसासाठी बनवलेलं आहे. साधारण अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक काही त्यात नीट उमटत नाही. सोटमूळ दिसेल, पण पाणी ओढणारी बारीक मुळं दिसणार नाहीत, आणि तुम्हाला तर तीच बघायची आहेत. मुळांसाठी मायक्रो-सीटी, म्हणजे फार बारीक तपशील टिपणारा सीटी स्कॅन, लागतो. इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठाचं हाउन्सफील्ड केंद्र याच कामासाठी आहे. पण तिथंही हिशेब कुंडीच्या रुंदीशी येऊन अडतो. क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर आडवे दोन हजार ठिपके धरले, तर 10 सेंटीमीटरच्या कुंडीत एका ठिपक्याच्या वाट्याला 50 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) येतात. म्हणजे 0.2 मिलीमीटरचं मूळ जेमतेम चार ठिपक्यांचं, आणि साधारण 10 मायक्रॉनचे मूळकेस हाती लागतच नाहीत. शिवाय मूळ म्हणजे बहुतेक पाणीच. ओल्याकच्च माती​त पाण्यानं भरलेली पोकळी आणि मूळ क्ष-किरणांना जवळजवळ सारखंच दिसतं. कधी स्कॅनची सोय झालीच, तर कुंडी वाफशावर, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली की मगच न्या. एमआरआयमध्ये मातीतलं लोह चित्र बिघडवतं, त्यामुळे कोकणातल्या जांभ्या मातीत तर तो नादच नको.

तुम्ही काचेची पेटी करा. जर्मनीत युलिउस झाक्स यांनी 1870च्या दशकात अशाच पेटीत मुळं वाढताना बघितली होती, आणि आजही तुमच्यासारख्या प्रश्नाला मी आधी हीच सुचवेन. दोन-तीन सेंटीमीटर जाडीची अरुंद, उंच पेटी घ्या, एक बाजू काचेची. उभ्या रेषेपासून 30 अंश कलती ठेवा, काच खालच्या अंगाला. मूळ सरळ खाली जायला बघतं, काच आडवी येते, मग ते काचेलगतच सरकत राहतं.

काचेवर काळा कागद लावायला विसरू नका. माझ्या पहिल्या खेपेला मी तो लावला नव्हता. दहा-बारा दिवसांत काचेवर हिरवं शेवाळ धरलं आणि मुळं उजेडापासून लांब, आत वळली. सगळी पेटी वाया गेली. आता फोटोपुरता कागद काढतो आणि लगेच लावतो. मोबाईल स्टँडवर, दर वेळी त्याच अंतरावर. दिवा बाजूनं, नाहीतर काच चमकते. काळ्या मातीवर नवं मूळ इतकं पांढरंशुभ्र उठून दिसतं की पहिल्यांदा बघताना हरखून जाल. जुनं होत जाईल तसं ते तपकिरी पडतं, म्हणून आठवडा चुकवू नका.

काळ्या मातीचा खरा धोका वेगळाच आहे. वाळली की ती आकसते आणि काचेपासून सुटते. मग त्या फटीत मुळं मोकळी धावतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय वाढ आहे! ती वाढ मातीतली नसते. शेतात कलती पारदर्शक नळी पुरून आत कॅमेरा सोडतात, तिथंही भेगाळ जमिनीत हीच फसगत होते. पेटी रोज वजन करा आणि घटलं तेवढं पाणी घालून ओल टिकवा.

आणि काचेवर दिसतं ते सगळं मूळ नव्हे, थोडाच हिस्सा असतो. म्हणून चार पेट्या एकसारख्या लावा आणि मधेच एखादी मोडा. रात्रभर पाण्यात भिजवून बारीक जाळीवर हलक्या धारेनं धुवा, एकूण लांबी मोजा, त्यातली किती काचेवर दिसत होती ते लिहून ठेवा. बाकीच्या पेट्यांचे फोटो त्या प्रमाणात वाचता येतात. तेव्हाच मुळावरची एखादी गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी निघाली तर ती हवेतलं नत्र बांधतेय. हे मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही.