टोकियोत भारताबद्दल काय मत आहे, आणि घर शोधताना त्याचा किती उपयोग

भाऊ, तुम्ही बायको आणि मुलीला घेऊन टोकियोला निघण्याआधी विचारलंत, की तिथल्या लोकांच्या मनात भारताबद्दल काय आहे. मीही नागपूरचाच, धरमपेठेतला. बरीच वर्षं इथे आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

आपुलकी आहे आणि ती खरी आहे. युद्धानंतर टोकियोतल्या मुलांनी हत्ती मागितला, तेव्हा नेहरूंनी १९४९ साली ‘इंदिरा’ नावाची हत्तीण उएनोच्या प्राणिसंग्रहालयाला पाठवली. शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या उपाहारगृहात क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे १९२७ पासून आपल्या पद्धतीची करी मिळते. ऑफिसात मात्र तुमची ओळख गणितावरून होईल. भारतीयांना १९ पर्यंतचे पाढे पाठ असतात, असा इथे पक्का समज आहे.

पण घर भाड्याने घेताना हे प्रेम कामी येत नाही. माझ्यासमोर दलालाने घरमालकाला फोन लावला, नोकरी, पगार सगळं सांगितलं. ‘परदेशी आहेत’ म्हटल्याबरोबर नकार आला. दलाल कितीतरी वेळ वाकून माफी मागत होता. त्या मालकाला भारताचा राग नव्हता. भाषा कळेल का, कचरा वेगवेगळा ठेवतील का, फोडणीचा वास भिंतींना बसेल का, ही त्याची धास्ती. हत्तीण आणि पाढे तिथे काय करणार? म्हणून यूआर या निमसरकारी संस्थेची घरं आधी बघा. तिथे जामीनदार लागत नाही, ‘रेइकिन’ही नाही, म्हणजे मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम. उत्पन्नाची अट मात्र आहे, कंपनीकडून पगाराचं पत्र मागून ठेवा. निशी-कासाई भागात आपली माणसं भरपूर आहेत, मुलीलाही करमेल.

आणि नागपूर इथे कुणाला माहीत नसेल, असं समजू नका. बौद्ध मंडळी भेटली तर दीक्षाभूमीचं, १९५६ च्या धम्मदीक्षेचं जरूर सांगा. जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरई ससाई कित्येक दशकं आपल्या नागपुरात राहिले. कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. मला तर याचा फार अभिमान वाटतो.

राहायला गेलात की शेजारच्या आणि खालच्या घरी बिस्किटांचा पुडा घेऊन जाऊन या, इथली तशी रीत आहे. कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्ड ऑफिसातून आणा आणि फ्रिजवर लावा.