सरकारी रोख्यांचा डीलर म्हणजे एजंट नव्हे

प्रश्न : मुलगी टीवाय बीकॉमला आहे. सीएचा अभ्यास सोडून 'सरकारी रोख्यांची ऑथोराइज्ड डीलर' व्हायचं म्हणते. ही एजंटगिरीच ना? की सरकारी नोकरी असते?
— एक वडील, भांडुप

उत्तर : दोन्ही नाही. आधी नावाचा घोळ मिटवू. 'ऑथोराइज्ड डीलर' हा शब्द फेमा कायद्यातला, परकीय चलनाचा. सरकारी रोखे म्हणजे सरकार कर्ज काढताना विकतं ते कागद. त्यांच्या बाजारात म्हणतात 'प्रायमरी डीलर', आणि तो माणूस नसतो, संस्था असते. काही बँका, शिवाय एसबीआय डीएफएचआय, पीएनबी गिल्ट्स अशा स्वतंत्र कंपन्या. रिझर्व्ह बँकेने ही पद्धत १९९५ मध्ये आणली. तुमची लेक अशा संस्थेत सौदे करणारी डीलर म्हणून नोकरी करेल, म्हणजे बहुधा फोर्ट, नरिमन पॉइंट नाहीतर बीकेसी.

एजंट दुसऱ्याचा माल विकतो, कमिशन घेतो, मोकळा होतो. इथे तसं नाही. केंद्र सरकारच्या रोख्यांचा लिलाव साधारणपणे शुक्रवारी होतो आणि तो माल उचलायची हमी प्रायमरी डीलरांनी आधीच दिलेली असते. त्याचं कमिशन मिळतं, खरं आहे. पण पुरेशी गिऱ्हाइकं आली नाहीत, तर उरलेले रोखे त्यांच्या गळ्यात पडतात. बाजारात याला 'डिव्हॉल्व्हमेंट' म्हणतात. एरवीही खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव देत राहायचे.

गळ्यात पडलं म्हणजे किती? रोख्यावर मिळणारा परतावा म्हणजे यील्ड; ते वर गेलं की रोख्याचा भाव उतरतो. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड पाच बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०५ टक्क्याने वर गेलं, तर शंभर रुपयांमागे भाव साधारण पस्तीस पैशांनी उतरतो. पस्तीस पैसे ऐकून हसू येईल. पण पाच कोटींच्या एका सौद्यावर हे पावणेदोन लाख होतात, आणि डीलरकडे असे कितीतरी सौदे उभे असतात. हा आकडा पाहून तिच्या पोटात गोळा येतो की डोळे चमकतात, ते बघा. मला विचाराल तर मार्कशीटपेक्षा ते महत्त्वाचं.

सीए मात्र सोडू देऊ नका. बीकॉमवर थेट डीलरची खुर्ची क्वचितच मिळते. सुरुवात बहुधा बॅक ऑफिसला, सौद्यांची सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि रोख्यांची देवाणघेवाण, जुळवण्यात होते. ते काम रटाळ आहे, पण बाजाराची हाडं तिथेच कळतात. सीए, फायनान्समधलं एमबीए किंवा सीएफए असेल तर पुढचं दार लवकर उघडतं.

तोवर एक करा. पुढचे चार शुक्रवार संध्याकाळी तिला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर लिलावाचा निकाल वाचायला सांगा. कट-ऑफ यील्ड, म्हणजे लिलावात स्वीकारलेलं सर्वांत जास्त यील्ड, किती, डिव्हॉल्व्हमेंट झालं का, हे वहीत लिहायचं. पुढे, असं का झालं असेल, यावर तिच्या दोन ओळी. रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर दहा हजारांचं ९१ दिवसांचं ट्रेझरी बिलही, म्हणजे सरकारचा अल्पमुदतीचा रोखा, तिच्या नावाने घेता येईल. चौथ्या शुक्रवारनंतर ती वही घेऊन दोघं या.