मूसचा ड्रॉ: अर्ज कुठे टाकायचा?

प्रश्न: नमस्कार काका. मी बॉस्टनच्या जवळ राहतो, एच-वन-बी व्हिसावर आहे. ऑफिसातला एक मित्र मूळचा मेन राज्यातला, त्याच्याबरोबर दोन वर्षं हरणाच्या सीझनला जातोय, हंटर सेफ्टीचा कोर्सही केलाय. आता डोक्यात मूस, म्हणजे ते सगळ्यात मोठं हरीण, बसलाय. त्याचं परमिट ड्रॉने, म्हणजे चिठ्ठ्या काढून मिळतं. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मूस आहेत पण त्यांच्या शिकारीला परवानगी नाही, मग मेन, न्यू हॅम्पशायर की व्हरमाँट, कुठे अर्ज टाकू? मित्र म्हणतो जिथे नंबर लागायचा चान्स जास्त तिथे टाक आणि मोकळा हो. मेनचा फॉर्म उघडला तर त्यात झोन (शिकारीचे विभाग) काय, आठवडे काय, नर का मादी काय, बघून बंदच केला. बायको म्हणते, लागलं तर एवढं मांस ठेवणार कुठे?

उत्तर: आधी तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग, तुम्हा तिघांत मुद्द्याचं तीच बोललीये.

काही वर्षांपूर्वी एका मित्राचा मेनच्या उत्तरेला नंबर लागला, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, आणि मी मदतनीस म्हणून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी नर पडला, रस्त्यापासून फार तर दोनशे पावलं, पण मधे सगळी दलदल, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आम्ही चौघं, दोर, कप्पी आणि एक जुना ट्रक. सकाळी आठला सुरुवात केली ती दुपारी तीनला तो रस्त्यावर आला, आणि तोवर ऊन असं चढलं होतं की टीशर्टवर घाम, माश्या घोंघावायला लागलेल्या, आणि मित्राचं तोंड उतरलेलं, कारण मूसचं कातडं एवढं जाड असतं की आतली ऊब लवकर जातच नाही आणि मांडीच्या हाडाजवळ मांस आंबायला वेळ लागत नाही. नशीब की जवळच्या गावात बर्फ मिळाला. हाडं काढून दीडशे किलोच्या वर मांस झालं. घरच्या फ्रीजचं ते काम नाही, मोठा आडवा डीप फ्रीझर लागतो, नाहीतर चार घरांत आधीच वाटणी ठरवून ठेवायची.

हे एवढं पाल्हाळ कशासाठी, तर अर्ज भरताना लोक फक्त चान्स बघतात आणि नंबर लागल्यावर नकाशा उघडतात. उलटं कर. आधी बघ की तू कुठे जाऊ शकतोस, किती दिवस सुट्टी मिळेल, किती माणसं येतील, मग फॉर्म.

आता तीन राज्यं. मेनमध्ये १९३५ पासून बंद असलेली शिकार १९८० साली ७०० परमिटांवर परत चालू झाली, आज वर्षाला चार हजारांच्या आसपास परमिटं निघतात, अलास्का सोडलं तर अमेरिकेत सगळ्यात जास्त मूस तिथेच. त्यात आपल्यासारख्या बाहेरच्यांना दहावा हिस्साही नसतो, तरी आकडा शेकड्यात जातो. न्यू हॅम्पशायरने १९८८ साली सुरू केलं तेव्हा ७५ परमिटं होती, मधे एकदा ६०० च्या वर गेली आणि आता पस्तीस-चाळीसवर आलीयेत, त्यातली बाहेरच्यांना जास्तीत जास्त पंधरा टक्के. म्हणजे हाताच्या बोटांवर मोजायची. व्हरमाँटमध्ये अलीकडे १८० च्या आसपास, तीही ईशान्येच्या ई-वन आणि ई-टू या दोन पट्ट्यांतच, आणि तिथला हेतूच कळप विरळ करायचा आहे.

विरळ का, तर गोचीड. हिवाळी गोचीड म्हणतात तिला, एका मूसच्या अंगावर हजारोंनी, कधी दहा-दहा हजारांनी चिकटतात, वसंतात रक्त पिऊन टम्म फुगतात आणि पोरवयाची जनावरं अशक्त होऊन मरतात. मूस दाटीने असले की गोचीड वाढते, म्हणून व्हरमाँटने आणि मेनने झोन ४ च्या एका भागात मुद्दाम माद्यांची परमिटं वाढवली. आमचा नर टॅगिंग स्टेशनवर, म्हणजे शिकारीची नोंद करतात तिथे, नेला तेव्हा तिथली मुलगी केस फणीसारखे बाजूला करून ओळीत गोचीड मोजत होती, खसखशीएवढ्या, मला तर आधी माती वाटली. वय काढायला एक दातही काढून घेतला.

माझं मत विचारशील तर तिन्हीकडे टाक. अर्जाची फी पंधरा ते पंचवीस डॉलरच्या आसपास, एका रात्रीच्या पिझ्झात तिन्ही बसतील, आणि तिन्हीकडे न लागल्याचे बोनस पॉइंट साठतात, म्हणजे पुढच्या ड्रॉत तुझा चान्स वाढतो. पण मन मेनमध्ये ठेव. मेनच्या पॉइंटांची गंमत अशी की पहिली पाच वर्षं वर्षाला एक, मग दोन, मग तीन आणि सोळाव्या वर्षापासून वर्षाला दहा. एखादं वर्ष अर्ज राहिला तर चालतं, लागोपाठ दोन वर्षं राहिला की पाटी कोरी. बाहेरच्यांना पैसे देऊन एकाच वर्षी जास्त चिठ्ठ्याही टाकता येतात, १५ डॉलरला एक, ५५ ला दहा. मी दहाच्या वर कधी गेलो नाही, त्यापुढे तो जुगार वाटतो. मेन आणि न्यू हॅम्पशायरचे अर्ज मे महिन्यात बंद होतात, व्हरमाँटचा त्यानंतर उन्हाळ्यात. आणि लागलं की खर्च वेगळा हं, मेनचं बाहेरच्यांचं परमिट ५८५ डॉलर, वर शिकारीचं लायसन्स.

आणि एक सोपी वाट तुझ्या शेजारच्या खुर्चीतच बसलीये. तुझ्या मित्राचे आईवडील, भाऊ कोणी अजून मेनचे रहिवासी असतील तर त्यांनी अर्ज टाकावा आणि दुसरा शिकारी म्हणून तुझं नाव लावावं. परमिट एक, मूस एकच, पण दोघांनाही गोळी झाडता येते, आणि रहिवाशांचा हिस्सा कितीतरी मोठा. मात्र तुझं लायसन्स तुलाच काढावं लागेल.

आता तो फॉर्म. कॉम्प्युटर आधी नाव काढतो आणि मग तू दिलेले पर्याय क्रमाने तपासतो. पर्याय संपले आणि 'दुसरा कुठलाही झोन चालेल' यावर टिक नसेल तर तुला सोडून पुढे जातो. लोक इथेच फसतात, काही जण सगळीकडे टिक मारतात आणि मग अनोळखी मुलखात जाऊन पडतात, काही जण एकच झोन लिहून वर्षानुवर्षं बसतात. तुला सांगतो मी काय करतो. मी झोन ३ आणि ६ हे यादीत सगळ्यात आधी लिहितो, अरूस्टुक काउंटीचा बटाट्याच्या शेतांचा भाग, रस्ते बरे, गाव जवळ, बर्फ मिळतो, ट्रक शेताच्या कडेला लागतो. १, २, ४, ५ म्हणजे लाकूड कंपन्यांचं जंगल, मूस भरपूर, पण आत जायला गेटवर पैसे भरून नाव नोंदवायचं, पुढे मैलोन्मैल कच्चा रस्ता, समोरून लाकडाचे अगडबंब ट्रक, फोनला रेंज नाही, टायर फुटला की दिवस गेला. सोबत जाणता माणूस असेल तर ते खाली लिही, नसेल तर लिहूच नको.

आठवड्याचं म्हणशील तर सप्टेंबरचा शेवट हा नरांच्या मस्तीचा काळ, मादीचा आवाज काढला की उत्तर देत झाडं मोडत येतो, अंगावर काटा येतो, पण उकाडा, वर सांगितलाच. ऑक्टोबरचा नरांचा आठवडा थंड, मांसाला सुरक्षित, मात्र तोवर आवाजाला येणं कमी झालेलं असतं. पहिल्यांदा जातोयस तर ऑक्टोबर पहिल्या पसंतीला टाक, माझं ऐक. मादीचं परमिट चालेल का, यावर हो म्हण. शिंगांच्या हौसेपायी खूप जण नाही म्हणतात. मादीचं मांस कोवळं, मसाला जास्त घालावा लागत नाही, खिम्याला तर उत्तम, आणि बाहेर ओढून काढायलाही शे-दीडशे किलो कमी. सोमवार ते शनिवार सहाच दिवस मिळतात, मेनमध्ये रविवारी शिकार चालत नाही, म्हणजे सुट्टी पूर्ण आठवड्याची टाक, मॅनेजरला जूनमध्ये निकाल लागला की लगेच सांग.

शेवटी एक महत्त्वाचं, आणि हे तुझ्या मित्राला माहीत असायचं कारण नाही. एच-वन-बीवाल्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, सूट मिळते ती कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तरच. मेनचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं. जानेवारीत नवीन काढायच्या आधी मित्राची रायफल घेऊन रेंजवर नेमबाजीला गेलास तर तो गुन्हा होतो, आणि व्हिसावर असताना असलं प्रकरण अंगाशी येतं. मॅसॅच्युसेट्सचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत, गावच्या पोलीस स्टेशनात आधी विचारून ये, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नको.

प्रश्न: मी नाशिकचा, रिटायर्ड. ऑक्टोबरमध्ये मुलाकडे कनेक्टिकटला टुरिस्ट व्हिसावर चाललोय. मुलाला मेनचं परमिट लागलंय. मी सोबत गेलो तर चालेल का? आणि अलास्कात म्हणे ड्रॉशिवायच मिळतं, तसं असेल तर मीच का नको?

उत्तर: आजोबा, जा की बिनधास्त, बंदुकीला हात लावायचा नाही एवढंच. केशरी टोपी नाहीतर जॅकेट घाला, भगवं उपरणं चालत नाही, त्यांचा तो झगझगीत केशरी वेगळा. अलास्कात बऱ्याच भागात ड्रॉ लागत नाही हे खरं, पण परदेशातून येणाऱ्याला तिथे मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो आणि त्याची फी हजारो डॉलरमध्ये जाते. तेवढ्यात तुमची दोन वेळची तिकिटं निघतील. मुलाबरोबर मेनला जा, गमबूट गुडघ्याच्या वर येणारे घ्या, आणि थर्मासमध्ये चहा तुम्हीच करून न्या, तिकडच्या पेट्रोल पंपावर मिळतो तो चहा नव्हे.