तेक्क्यॉन शिकायला जाण्याआधी शरीराची काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 41, राहणं पुण्यात, पुढच्या वर्षी नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी सोलला जायचंय. कॉलेजात असताना तायक्वांदो केलेलं, आता आठवड्यातून तीनदा जिम. तिकडे गेल्यावर तेक्क्यॉन हा कोरियाचा जुना, पायांनी लढायचा खेळ शिकायची इच्छा आहे, तर आतापासून कोणता व्यायाम करावा आणि हा प्रकार मुळात आहे तरी काय.

मी सोलजवळ सहा वर्षं राहिले, त्यातली साडेचार वर्षं तेक्क्यॉन केलं. सरळ उत्तर आधी देते. गुडघे, घोटे आणि खुबे तयार करा. छाती-दंडाचं आहे तेवढं पुरे आहे, आणि पाय डोक्याच्या वर न्यायच्या मागे आत्ता लागू नका. असं का म्हणते ते कळायला खेळाचे नियम माहीत हवेत, कारण तेक्क्यॉन करणाऱ्याचं शरीर त्या नियमांतूनच घडतं.

कोरियातल्या जोसन घराण्याच्या राजवटीच्या शेवटच्या काळात, म्हणजे 19व्या शतकाच्या सुमारास, सोलमध्ये वरच्या वस्त्या विरुद्ध खालच्या वस्त्या असे तेक्क्यॉनचे सामने व्हायचे. एक गडी हरला की त्याच्या बाजूचा दुसरा उतरायचा, जिंकलेला तिथेच उभा. समोरचा शत्रू नव्हता, चार गल्ल्या पलीकडचा कुणाचा तरी मुलगा होता. त्याला पाडायचं होतं, जायबंदी करायचं नव्हतं. म्हणून ठोसा चालत नाही. समोरच्याला पाडलं किंवा त्याच्या चेहऱ्याला पाय लावला की डाव संपतो. अंगावर लाथ मारायची तर ती ढकलणारी हवी, फोडणारी नको. या ढकलण्याला ‘नुन्जिरुगी’ म्हणतात. आणखी एक नियम मला फार आवडतो. लढताना एक पाय पुढे, समोरच्याच्या टप्प्यात ठेवावा लागतो. लांब पळून मोका शोधायचा नाही. या नियमाचं नाव ‘देजॉप’, आणि रोजच्या कोरियन बोलण्यात देजॉप म्हणजे पाहुणचार.

स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकन अभ्यासकाने 1895 मध्ये कोरियन खेळांवर लिहिताना याचं वर्णन केलंय: दोघे समोरासमोर पाय फाकवून उभे राहतात, एकमेकांचा पाय उडवायला बघतात, एक पाय मागे तिसऱ्या जागी नेता येतो, त्यामुळे पावलं कायम तीन ठरलेल्या जागांपैकी कुठेतरी असतात. वरची लाथ चालते आणि ती हाताने पकडताही येते. सव्वाशे वर्षांहून जुनं वर्णन आहे, पण आजच्या वर्गात तुम्ही पहिल्या दिवशी हेच शिकाल.

ती तीन जागांवरची चाल म्हणजे ‘पुम्बाप्की’. तीन चौकोन रचलेल्या एका चिनी अक्षरावरून हे नाव आलं, म्हणजे त्रिकोणावर पावलं टाकणं. एक पाय त्रिकोणाच्या टोकावर जातो, परत येतो, मग दुसरा जातो. दिसायला नाच वाटतो. गुडघे लवून अंग खाली बसतं, त्याला ‘गुमशिल’ म्हणतात. मग ओटीपोट हलकेच पुढे येऊन अंग वर उठतं, ते ‘नुंगछॉंग’. हात पंखांसारखे हलत राहतात.

पहिल्या तासाला आमच्या शिक्षिका माझ्या मागे लाकडी फरशीवर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांमागच्या खळग्यात दोन-दोन बोटं ठेवली. मी पाऊल टाकलं की वजन येताक्षणी तिथल्या शिरा ताठ व्हायच्या. लगेच बोटं दाबली जायची आणि मागून आवाज यायचा, “ओगुम, ओगुम.” ओगुम म्हणजे तोच खळगा. पाय टाकायचा, वजन घ्यायचं, पण खळगा मऊ ठेवायचा. अर्ध्या तासाने मांड्या थरथरायला लागल्या, आणि तोवर एकही लाथ मारली नव्हती. पहिले तीन महिने जवळजवळ हेच चाललं.

ताठ पायाला कुणीही आकडी घालून पाडतं, कारण त्यावर वजन अडकलेलं असतं. लवलेल्या पायावरून वजन केव्हाही उचलता येतं. तुमचा पाय कायम दुसऱ्याच्या टप्प्यात आहे हे लक्षात घ्या. मागे उडी मारायची सोय नाही, लाथेसाठी आधी गुडघा वर घेऊन थांबायलाही वेळ नाही. चालता चालताच लाथ निघते. त्यामुळे इथे दम हवा असतो तो गुडघे लवलेल्या अवस्थेत दहा-पंधरा मिनिटं सैल राहण्याचा. जिममध्ये शंभर किलो घेऊन बैठक मारणारी माणसं इथे पाचव्या मिनिटाला हात कमरेवर ठेवून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. ताकद त्यांच्याकडे भरपूर होती, पण आखडून धरलेली.

हे मला महागात पडून कळलंय. चौथ्या महिन्यात मी घरी रोज तासभर, जितकं खाली जाता येईल तितकं जाऊन पुम्बाप्की करायला लागले. उजवा गुडघा सुजला आणि सहा आठवडे बसून काढले. चूक फार खाली जाण्याची होती. या चालीत फार खाली जायचंच नसतं. चार बोटं लवायचं, पण प्रत्येक पावलाला, न चुकता. शिवाय गुडघा पावलाच्या दिशेनेच गेला पाहिजे, माझा आत वळत होता.

तेव्हा आतापासून हे करा. आपल्याकडच्या उकिडवं बसण्याला तोड नाही. टाचा जमिनीला टेकवून रोज पाच मिनिटं बसा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेत, आधी तिथे काम हवं. मग उभं राहून गुडघे अगदी थोडे लववायचे आणि सरळ करायचे, पण पूर्ण ताठ होऊ द्यायचे नाहीत. दोन मिनिटांपासून सुरुवात करून दोन-तीन महिन्यांत दहा मिनिटांवर या. भराभर मारलेल्या शंभर बैठकांपेक्षा हे कठीण आहे, करून बघा.

एका पायावर उभं राहणं दुसरं. दात घासताना अनवाणी एका पायावर उभे राहा, ते जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. आणि लंगडी घाला. खरंच सांगते, लहानपणची लंगडी इथे जितकी उपयोगी पडली तितकं दुसरं काही पडलं नाही. फक्त हळू घाला, आणि चवड्यावर असं उतरा की आवाज येता कामा नये. तेक्क्यॉनमध्ये पाय अडकवणारे डाव पुष्कळ. त्यातल्या एकाचं नाव ‘नाक्शिगॉरी’, म्हणजे गळ टाकून ओढणं. पाय गळाला लागल्यावर उरलेल्या एका पायावर तोल सांभाळता आला तरच खेळात राहता येतं.

पुण्यात आहात तर पर्वती आहेच. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. प्रत्येक पायरीवर पाऊल मऊ उतरवायचं, धपकन नाही. उतरताना मांडी जे काम करते तेच गुमशिलमध्ये करते. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र हे आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. खुब्यांसाठी मांडी घालून जमिनीवर बसण्याची सवय ठेवा. ‘जेछागी’ नावाची लाथ आतून बाहेर जाते, पावलाच्या बाहेरच्या कडेने. खुबा बाहेर उघडत नसेल तर ती येतच नाही.

तायक्वांदोचा तुम्हाला फायदा होईल, आणि एक सवय मोडावीही लागेल. चवड्यांवर उड्या मारत, अंग आडवं करून उभं राहण्याची. इथे समोर तोंड करून, बसकं उभं राहायचं असतं. तेक्क्यॉन ही तायक्वांदोची जननी असं तिकडे बरेच जण सांगतील. मला ते इतकं सरळ वाटत नाही. तायक्वांदो हे नाव 1955 चं आहे, आणि सुरुवातीच्या आखाड्यांच्या अनेक संस्थापकांनी जपानी कराटेचं शिक्षण घेतलं होतं. लाथांचं कोरियन वेड मात्र जुनं आहे, यात शंका नाही. 19व्या शतकातल्या ‘देक्वेदो’ या चित्रात वर कुस्ती आणि खाली तेक्क्यॉन, भोवती लोकांचा गराडा, असं सगळं दिसतं.

1910 ते 1945 या जपानी अंमलात हा खेळ जवळपास पुसला गेला. तो आज आहे याचं मोठं श्रेय सोंग दॉक-गी यांना. जन्म 1893, घर सोलच्या साजिक-दोंगमध्ये, इम हो या गुरूकडे मुलपणीच शिकलेले. शिन हान-सुंग यांनी त्यांच्याकडून शिकून, इतर जुन्या माणसांना भेटून सगळं बांधून काढलं, आणि 1983 मध्ये कोरियन सरकारने तेक्क्यॉनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात 76वा क्रमांक दिला. गुरू-शिष्य दोघेही 1987 मध्ये गेले. 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. सोंग आजोबांची म्हातारपणीची छायाचित्रं शोधून बघा. अंगात सैल पांढरे कपडे, पाय सहज उचललेला, आणि खालचा गुडघा लवलेला. मी ती घरात आरशाजवळ लावली होती.

आज तीन-चार वेगवेगळ्या संघटना आहेत, त्यांचे नियम आणि पुम्बाप्कीची ढबही थोडी वेगळी. छुंगजू या गावाला शिन यांच्यामुळे मान आहे, पण तुम्ही सोलमध्ये असाल तर घराजवळचा वर्ग निवडा. आठवड्यातून तीनदा जाणं जमलं पाहिजे, परंपरा कुठली ते नंतर ठरवा.

लाथ मारताना “इक्! एकु!” असा आवाज काढतात. लाजू नका, तो पोटातून काढा. श्वास तिथे सुटला की खांदे आपोआप खाली येतात आणि लाथ हलकी होते.

वयाचं म्हणाल तर 41 काहीच नाही. आमच्या वर्गात 67 वर्षांच्या एक आजी होत्या, निवृत्तीनंतर सुरुवात केलेल्या, आणि त्यांचा पाय गळासारखा कधी अडकायचा हे मला शेवटपर्यंत आधी दिसलं नाही. तुम्ही फक्त पहिल्या दिवशी गुडघ्यांबद्दल खरं ते सांगा. कोरियन येत नसलं तरी “मुरुपी आफायो” एवढं पुरतं, म्हणजे गुडघा दुखतोय. मग शिक्षक तुम्हाला लहान त्रिकोण आखून देतील.