भरतकाम केलेल्या रुमालाच्या कडेला हाताने मणी कसे लावावेत? धुतल्यावर गळून पडतात.

तुम्ही लिहिलंय की मॅटीवर, म्हणजे घरं मोजता येतील अशा चौकटी विणीच्या कापडावर, क्रॉस स्टिचमध्ये मोर भरलेला रुमाल तयार आहे, कड दुमडल्यावर तो १४ इंची चौकोनी होईल, आणि नणंदेच्या मुलीच्या रुखवतात ठेवायचा आहे. शिवणाऱ्या बाई म्हणतात पिको करून वरून मोत्याची तयार लेस मारा, ते तुम्हाला नकोय. आणि याआधी केलेल्या रुमालाचे मणी पहिल्याच धुण्यात निघून गेले.

मणी गळतात त्यात बहुतेक वेळा दोष मण्यांचा नसतो, कडेचा असतो. मॅटीची वीण सैल. कड नीट दुमडलेली नसली तर टाका दशांसकट बाहेर येतो. त्यात सगळे मणी एकाच लांब दोऱ्यात ओवलेले असले की तो एका जागी तुटला तरी अख्खी बाजू रिकामी होते. म्हणून मी आधी कड मण्यांशिवाय पूर्ण करते. एकही मणी न लावता तो रुमाल वापरता आला पाहिजे, धुता आला पाहिजे. मणी त्यानंतर. पिको साडीच्या पदराला ठीक आहे, मॅटीवर ती कड ताणून झालरीसारखी वळवते आणि मग त्यावर काहीही लावा, सरळ बसत नाही. तुमचा नकार योग्यच आहे.

कडेला हात लावण्याआधी रुमाल धुऊन घ्या. मोरात लाल किंवा गडद निळा दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने मागून दाबून बघा, रंग लागतो का. मॅटी पहिल्या धुण्यात थोडी आटते. मणी लावल्यावर आटली तर कडेला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

आता कापणं. कात्रीने अंदाजे कापू नका. जिथे कड हवी तिथला एक दोरा सुईच्या टोकाने उचलून ओढून काढा. तो निघाला की कापडावर सरळ रेघ दिसते, त्या रेघेवरून कापा. दुमडीसाठी सगळीकडून पाऊण इंच जास्त ठेवा: पाव इंच एकदा दुमडायचं, मग अर्धा इंच. मॅटी जाड असल्यामुळे कोपऱ्यात चार-सहा थर येऊन गोळा होतो, म्हणून कोपऱ्याचं टोक आधी तिरकं कापा, तो तिरका भाग आत वळवा आणि मग दोन्ही बाजू दुमडा. दोन्हीकडच्या घड्या कोपऱ्यात तिरक्या रेघेवर भेटल्या पाहिजेत. कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने हातशिलाई घाला. घाई असेल तर मशीनची टीपही चालेल, तिच्यात कमीपणा काही नाही.

यावर काजटाका. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीतल्या सहा पदरांपैकी दोन घ्या, हातभर लांबीचे, त्याहून लांब दोरा घेतला की पिंजतो. डावीकडून उजवीकडे टाके घालत जायचं. सुई कडेपासून तीन घरं आत, सरळ बाजूने खाली घालायची, टोक कडेच्या बाहेर काढायचं, दोऱ्याचा फास सुईच्या टोकाखाली धरायचा आणि दोरा आपल्या बाजूला ओढायचा. बोटाला गाठ बसल्यासारखी जाणवेल इतपतच ओढा. जास्त आवळलं तर कड आत खेचली जाते.

मॅटीवर मोजपट्टी लागत नाही, घरं मोजायची. इंचाला १४ घरांची मॅटी असेल तर एका बाजूला १९६ घरं. दर दोन घरांना एक काजटाका घातला तर बाजूला ९८ टाके होतात. दर सातव्या टाक्यावर एक मोठा मणी धरला तर बाजूला १४ मणी आणि शेवटचा नेमका कोपऱ्यावर येतो. हा हिशोब कागदावर आधी मांडा. कोपरा रिकामा राहिला की सगळ्यांची नजर तिथेच जाते. तुमची मॅटी इंचाला ११ घरांची असेल तर आकडे बदलतील, रीत तीच. कोपऱ्यात एकाच भोकातून तीन टाके घाला, मधला तिरका.

मण्यांसाठी मी लडीचा दोरा वापरत नाही. काचेच्या मण्याचं भोक आतून खरखरीत असतं, सुती दोरा त्यावर घासून झिजतो. पॉलिस्टरचा बारीक पण मजबूत दोरा घ्या, मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढा. सुई १० किंवा १२ नंबरची मण्यांची. तिचं नेढं इतकं बारीक असतं की दिवसाउजेडीच दोरा ओवून ठेवावा.

रुखवतासाठी मी तीन मण्यांची दातेरी कड सुचवेन. आकार ११ नंबरचा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा मणी. सुई दुमडीच्या आतून काढून काजटाक्यापाशी बाहेर आणा. तीन मणी ओवा. पुढच्या काजटाक्यापाशी सुई मागून पुढे काढा, आणि त्यात नुसता काजटाक्याचा फास नको, दुमडीचं कापडही यायला हवं. आता सुई तिसऱ्या मण्यातून खालून वर न्या आणि दोरा ओढा. तिसरा मणी कडेवर उभा राहतो, मधला टोक काढून बसतो. इथून पुढे प्रत्येक वेळी दोनच मणी ओवायचे, पुढचा टाका घ्यायचा आणि त्यातल्या दुसऱ्या मण्यातून वर यायचं. पहिले पाच-सहा दाते वेडेवाकडे दिसतात, इंचभर झाल्यावर ओळ धरते. सातव्या टाक्यावरचा मोठा मणी हवा असेल तर तिथे टोकाच्या बारीक मण्याऐवजी तो घ्या.

गळण्याचा इलाज इथेच करायचा. दर इंचाला सुई दुमडीत घालून एक बारीक गाठ मारा आणि दोरा दुमडीतूनच पुढे न्या. मग कुठे तुटलंच तर इंचभरच जातं. दोरा संपत आला की चार बोटं शिल्लक असतानाच थांबा, मागच्या दोन-तीन दात्यांतून उलटा नेऊन दुमडीत लपवा. मण्यांलगत गाठ मारून कापलेला दोरा धुण्यात हमखास सुटतो.

चारी बाजूंचे मिळून ३९२ टाके, टाक्याला दोन, म्हणजे पावणेआठशेच्या आसपास मणी. या आकाराचे एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बसतात. १० ग्रॅम पुरतात, तरी १५ आणा आणि एकाच वेळी आणा, दुसऱ्या खेपेला तोच रंग तसाच मिळेल याचा भरवसा नसतो. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर, नाहीतर गावातलं जुनं कटलरीचं दुकान. प्लास्टिकवर मुलामा दिलेले मोती दिसतात छान, पण मुलामा सोलतो. आणलेल्यातले पाच-सहा मणी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर टाका, सकाळी बघा. पाइप म्हणतात ते नळीसारखे मणी घ्यायचे असतील तर त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ओवा. पाइपची कापलेली धार दोरा कापते.

एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: हा रुमाल पुढे झाकायला वापरणार की अंथरायला? तांब्यावर किंवा दुधाच्या पातेल्यावर टाकायच्या क्रोशाच्या जाळीला कडेने मणी लावतात ते उगाच नाही. वजनाने जाळी खाली राहते, पंख्याने उडत नाही. तिथे लोंबते मणी उत्तम. पाच मणी ओवायचे, शेवटचा सोडून उरलेल्या चारांतून सुई परत आणायची. पण अंथरायच्या रुमालाला असे लोलक लावले तर वर ठेवलेलं ताट हलतं आणि मणी त्याखाली फुटतात. मोर भरलेला आहे तर तो बहुधा अंथरलाच जाईल, म्हणून दातेरी कडच बरी, तीही ताटाच्या बाहेर राहील इतपत.

क्रोशा येत असेल तर काजटाक्यावर मुक्या खांबांची एक ओळ घालूनही मणी घेता येतात. त्यात सगळे मणी आधीच दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात, आणि मणी विणीच्या मागच्या बाजूला बसतो. म्हणून रुमालाची उलटी बाजू आपल्याकडे धरून विणायचं.

नमुने बघायचे असतील तर आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या जुन्या कामाच्या कडा बघा, कवड्या आणि गोंडे कसे बसवलेत ते. तुर्कस्तानात डोक्यावरच्या रुमालाच्या कडेला सुईने, क्रोशाने, मण्यांनी असंच काम करतात, त्याला ओया म्हणतात. तिथे मिरचीच्या आकाराची ओया बाईने डोक्याला बांधली की नवऱ्याशी बिनसलंय असं समजायचं, अशी गोष्ट सांगतात. रुखवतात तेवढी नको.

धुताना पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, कडेच्या अलीकडेच थांबवून.

आणि करताना मध्येच एखादा मणी चुकीच्या रंगाचा आला तर सगळं उसवू नका. मण्याच्या भोकात आणखी एक सुई घाला, म्हणजे दोऱ्याला धक्का लागत नाही, आणि बारीक पकडीने मणी फोडून टाका. काच उडते, डोळ्यांवर चष्मा असू द्या. तिथे दोरा थोडा सैल राहील, पुढच्या टाक्यात ओढून घ्या.