शरीरद्रवांतील प्रथिनांच्या डेटाबेससाठी केंब्रिजला यावे का?

पुण्यात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, रक्त, लघवी, लाळ, मेंदू-मज्जाद्रव यांतील रोगांशी निगडित प्रथिनांचा डेटाबेस उभारण्यासाठी केंब्रिजजवळ दोन वर्षांची नेमणूक मिळत आहे, परंतु प्रयोगशाळा सोडून अशा बैठ्या कामासाठी देश सोडावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच भागात हेच काम नऊ वर्षे करत आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अवश्य यावे. प्रयोगशाळेत हातांना जे कळलेले असते, तेच इथले खरे भांडवल आहे. पहिल्या वर्षी एका शोधनिबंधातले ‘सीरममध्ये फायब्रिनोजेन वाढते’ हे विधान मी जसेच्या तसे नोंदवले. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेला द्रव. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन तर गुठळीतच खर्च होऊन जाते. शंका आल्यावर दोन दिवस शोधले, तेव्हा पुरवणी तक्त्याखालच्या बारीक टिपेत सापडले की नमुने ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळ्यांत घेतले होते, म्हणजे तो प्लाझ्मा, न गोठलेल्या रक्तातला द्रव, होता. ज्याने स्वतः नळ्या सेंट्रिफ्यूज केल्या आहेत, त्यालाच हे खटकते. मेंदू-मज्जाद्रवात हिमोग्लोबिन दिसले तर सुई टोचताना रक्त मिसळले असेल का, आणि केराटिन दिसले तर ते नमुना हाताळणाऱ्याच्या त्वचेचे असेल का, हे प्रश्नही तसेच आहेत.

नुसते ‘निगडित’ लिहून भागत नाही. अल्झायमरमध्ये मेंदू-मज्जाद्रवातील अमायलॉइड बीटा ४२ हे प्रथिन घटते आणि टाऊ हे प्रथिन वाढते. सीए-१२५ हे प्रथिन अंडाशयाच्या कर्करोगात वाढते, पण एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारात) आणि गरोदरपणातही वाढू शकते. म्हणून द्रव, वाढ की घट, मोजण्याची पद्धत, रुग्णसंख्या आणि तुलना निरोगी माणसांशी होती की दुसऱ्या आजाराच्या रुग्णांशी, हे सगळे नोंदवावे लागते. प्लाझ्मातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते आणि काही प्रथिने त्याच्या अब्जांशाहूनही कमी असतात, त्यामुळे यादीत नाव नसणे हा अभावाचा पुरावा मानू नये.

नावांऐवजी युनिप्रॉट या प्रथिनांच्या जागतिक डेटाबेसमधील क्रमांकांवर भिस्त ठेवायची सवय आतापासून लावा (अल्ब्युमिनचा पी०२७६८). एक्सेल सेप्टिन जनुकांच्या (SEPT2 अशा) नावांच्या सप्टेंबरमधल्या तारखा करून टाकत असे. अखेर २०२० मध्ये ती नावेच बदलावी लागली. निघण्यापूर्वी एकच रोग आणि एकच द्रव घेऊन पाच शोधनिबंधांचा तक्ता तयार करा. हे काम आपल्याला रुचते की नाही, ते आठवड्याभरात कळेल.

माझी खरी काळजी दोन वर्षांनंतरची आहे. १९९६ मध्ये स्विस-प्रॉटसारखा प्रथिनांचा नावाजलेला डेटाबेसही निधीअभावी बंद पडायच्या बेतात होता. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स आणि जॉन्स हॉपकिन्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या एचपीआरडी या मानवी प्रथिनांच्या डेटाबेसची नववी आवृत्ती २०१० मध्ये आली आणि पुढची आलीच नाही. अनुदान संपल्यावर तुमच्या नोंदी कोठे जमा होतील आणि त्या सर्वांना खुल्या राहतील का, हे सही करण्यापूर्वी प्रमुखांना विचारा. व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो संपूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो. संस्था तो परत देणार असेल, तर तसे लेखी घ्या.